पावसाळ्यातली कोरी पानं

माणूस हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण एक चतुर्थांश समुद्र शोषून घेतो, हे वाक्य आता शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे भेटतं. वाक्य खरं आहे. पण उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत रायगड जिल्ह्याला जो समुद्र लागतो, त्याला ते लावायला गेलं की अडतं. वर्षभराची गोळाबेरीज केली तर अरबी समुद्र कार्बन डायऑक्साइड जितका घेतो, त्याहून जास्त सोडतो.

हे ठामपणे मांडलं गेलं १९९८ साली. गोव्यातल्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे व्ही. व्ही. एस. एस. सर्मा, एम. दिलीप कुमार आणि एम. डी. जॉर्ज यांनी ‘सागर कन्या’ या जहाजावरून गोळा केलेल्या नोंदींच्या आधारे लिहिलं, की मध्य आणि पूर्व अरबी समुद्र हा कार्बन डायऑक्साइडचा बारमाही स्रोत आहे. त्या दशकात समुद्रातल्या कार्बनचा माग काढणारी एक मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम चालू होती आणि भारताने आपल्या वाट्याला अरबी समुद्र घेतला होता. उन्हाळा, ऐन पावसाळा, थंडी अशा वेगवेगळ्या ऋतूंत जहाज त्याच त्या वाटांवरून पुन्हा पुन्हा नेलं गेलं. एका फेरीवर भिस्त ठेवली असती, तर उत्तर काय आलं असतं हे ती फेरी कोणत्या महिन्यात निघाली यावर ठरलं असतं.

समुद्र वायू का सोडतो, याचं कारण खालच्या पाण्यात आहे. वरच्या उजेडात वाढलेले सूक्ष्म जीव मरतात, खाली बुडतात, तिथे कुजतात आणि त्यांच्यातला कार्बन पाण्यात विरघळतो. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंतच्या थरात तर ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो, इतकं कुजणं तिथे चालतं. नैर्ऋत्य मोसमी वारा सुटला की ओमान-सोमालियाच्या बाजूला आणि आपल्याकडे केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याला हे खालचं थंड, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. वर आल्यावर ते तापतं. थंड सोड्याची बाटली उन्हात उघडी ठेवली तर जे होतं तेच मग होतं. समुद्राचं पाणी एका अंशाने तापलं, की त्यातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब सुमारे चार टक्क्यांनी चढतो. १९९५च्या पावसाळ्यात एका जर्मन जहाजाला अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ पाण्यातला हा दाब साडेसातशे मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत गेलेला सापडला. हवेत तो तेव्हा साडेतीनशेच्या आसपास होता.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. अरबी समुद्र वायू सोडतो म्हणून तो हवामानबदलाला हातभार लावतो, असं नाही. हे सोडणं मोसमी वाऱ्याइतकंच जुनं आणि नैसर्गिक आहे. हवेत आपण कार्बन डायऑक्साइडची भर घालत गेलो तसा हवेतला त्याचा दाब वाढला आणि समुद्राला पूर्वीइतकं सोडता येईनासं झालं. जे बाहेर पडायला हवं होतं ते पाण्यातच अडकलं. माणसाचा कार्बन अरबी समुद्रातही शिरतो आहे, तो असा. शिवाय विषुववृत्ताच्या दक्षिणेला चित्र पालटतं. सर्मा आणि जगभरातले त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली १९९० ते २००९ या काळाचा हिशेब मांडला. त्यात उत्तरेकडे सोडणं जमेस धरूनही दक्षिणेला ४४ अंशांपर्यंतचा हिंदी महासागर वर्षाला सुमारे ३७ कोटी टन कार्बन घेत असल्याचं निघालं. जगातले सगळे समुद्र मिळून अलीकडच्या दशकात वर्षाला सुमारे २९० कोटी टन कार्बन घेतात.

हे आकडे येतात कुठून, हा प्रश्न मला आकड्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

समुद्र कार्बन घेतो की देतो हे ठरवायला तीन गोष्टी लागतात. हवेतला दाब, पाण्यातला दाब आणि वाऱ्याचा वेग. दोन दाबांतला फरक वायू कोणत्या दिशेला जाणार ते ठरवतो, वारा किती जोरात जाणार ते ठरवतो. हवेतला दाब मोजण्याची रीत चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर बसवून दिली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे ३१५च्या आसपास भाग होते. २०२४ साली ते ४२४च्या पुढे गेले. कीलिंग हवेपुरते थांबले नाहीत. १९६२-६३ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू असताना त्यांच्या स्क्रिप्स संस्थेचं जहाज लुसियाड मोहिमेवर या भागात आलं होतं, आणि त्यावर समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजला गेला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था त्याच मोठ्या मोहिमेतून उभी राहिली, १९६६ साली.

पाण्यातला दाब मोजायची युक्ती वर्णनाला सोपी आहे. जहाज चालता चालता पंपाने समुद्राचं पाणी आत घेतात आणि एका बंद भांड्यात शॉवरसारखं बारीक धारांनी पाडतात. भांड्यात थोडी हवा असते. पाणी आणि ती हवा यांच्यात काही मिनिटांत समतोल होतो, आणि मग ती हवा सुकवून अवरक्त किरणांच्या यंत्रातून नेतात. कार्बन डायऑक्साइड हे किरण शोषतो. किती शोषले, त्यावरून वायू किती ते कळतं. दर काही तासांनी प्रमाणित वायूच्या टाक्या जोडून यंत्र खरं बोलतंय ना ते तपासतात. अडचण अचूकतेत आहे. जगभरच्या समुद्राची सरासरी काढली तर हवा आणि पाणी यांच्या दाबात जेमतेम सात-आठ मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरचा फरक निघतो, तोही चारशेच्या आकड्यावर. सगळं शोषण त्या एवढ्याशा फरकावर उभं आहे. म्हणून उत्तम मोजणीत चूक दोन मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या आत राहावी अशी अपेक्षा असते. पाणी जहाजाच्या नळीतून येताना अर्ध्या अंशाने तापलं आणि तो अर्धा अंश कुणी नोंदवला नाही, तर आठ मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरची चूक तिथेच झाली. जग जेवढं मोजू पाहतंय तेवढी.

खोल पाण्यासाठी बाटल्या लागतात. दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळकांड्यांची चळत तारेवरून खाली सोडतात, हव्या त्या खोलीला एकेक बंद करतात. वर आल्यावर प्राणवायूचा नमुना आधी, कार्बनचा लगेच त्यानंतर. नळी बाटलीच्या तळाशी टेकवून, बुडबुडा न येऊ देता, पाणी वरून ओसंडू द्यायचं, म्हणजे हवेला स्पर्श झालेलं पाणी निघून जातं. मग मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब घालायचे. ते जहरी आहे आणि त्यासाठीच घालतात. बाटलीतले सूक्ष्म जीव जिवंत राहिले तर ते श्वास घेत राहतील आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आकडा बदललेला असेल. प्रयोगशाळेत आम्ल घालून सगळा कार्बन वायूरूपात बाहेर काढतात आणि विजेच्या मदतीने मोजतात. गोव्यातल्या माणसाने मोजलेला आणि जपानमधल्या माणसाने मोजलेला आकडा जुळावा म्हणून कॅलिफोर्नियात स्क्रिप्सच्या अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं प्रमाणित समुद्रपाण्याच्या बाटल्या जगभर पाठवल्या. या क्षेत्रातला विश्वास त्या बाटल्यांवर उभा आहे.

समुद्राने घेतलेला कार्बन पाण्यात नुसता वायू म्हणून राहत नाही. त्यातला सुमारे नव्वद टक्के बायकार्बोनेट होतो, बराचसा उरलेला कार्बोनेट, आणि वायू म्हणून उरतो तो टक्काभर. त्यामुळेच समुद्रात हवेपेक्षा पन्नास-साठ पट कार्बन मावलेला आहे. पण या रसायनाची एक अट आहे. रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांनी १९५७ साली ती दाखवून दिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा टक्क्यांनी वाढला, तर पृष्ठभागाच्या पाण्यातला एकूण कार्बन एकाच टक्क्याने वाढतो. पाणी जितकं घेईल तितकी त्याची पुढे घेण्याची ताकद घटते, आणि कार्बोनेट खर्च होत जातो. तो कार्बोनेट शिंपल्यांना कवच बांधायला हवा असतो. ओहोटीला खडकांवर कालवं फोडणाऱ्या आणि पुळणीत तिसऱ्या, खुबे उकरणाऱ्या रायगडच्या बायकांचा या रसायनाशी थेट संबंध आहे. औद्योगिक क्रांतीपासून जगाच्या समुद्राचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला. ही घट ऐकायला क्षुल्लक वाटते, पण पीएचची मोजपट्टी लघुगणकीय असल्याने याचा अर्थ आम्लता पाव पटीहून जास्त वाढली.

आता वाऱ्याकडे येऊ. रायगडच्या किनाऱ्यावर सगळं तिथेच अडलं आहे.

वायूची देवाणघेवाण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दुप्पट झाला की देवाणघेवाण चौपट. याचा अर्थ, अरबी समुद्र वर्षभरात जे काही देतो-घेतो त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. आणि नेमके यांतले पहिले महिने आपल्या किनाऱ्यावर समुद्र बंद असण्याचे. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. करंज्याच्या, वरसोलीच्या, रेवदंड्याच्या, एकदऱ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, ताडपत्र्या घातलेल्या असतात. परंपरेने नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही, आणि यात शहाणपण आहे. पण होडी नाही म्हणजे नमुनाही नाही. गोव्यात कांदोळीसमोर समुद्रविज्ञान संस्था १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एका ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर याच्या तोडीची दुसरी नोंद शोधावी लागेल. तिथेही ऐन पावसाळ्यात छोटी बोट बाहेर काढणं जिकिरीचंच. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पावसाळ्याअखेर प्राणवायू संपतो आणि नायट्रस ऑक्साइड हा आणखी जहाल उष्णताशोषक वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो, हे जगापुढे आणलं. जिथे प्राणवायू संपतो तिथे कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, कारण दोन्ही एकाच कुजण्याची दोन टोकं आहेत. म्हणजे या उथळ पट्ट्यात पावसाळ्यात पाहण्यासारखं बरंच काही घडतं.

होडी नसेल तर यंत्र पाठवा, असं कुणी म्हणेल. जगभर आर्गो नावाची हजारो तरंगती नळकांडी समुद्रात सोडलेली आहेत. ती हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोल जाऊन वर येतात आणि उपग्रहाला नोंदी देतात. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था भारताच्या वतीने या कामात आहे. काही तरंगत्या यंत्रांवर आता प्राणवायू, हरितद्रव्य आणि पीएचचे संवेदकही असतात, आणि त्यांना पावसाळ्याची पर्वा नसते. मात्र त्यांना खोली लागते. मुंबई-रायगडसमोर भारताचा भूखंडमंच खूप रुंद आहे. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत गेलं तरी पाणी उथळच. आर्गोचं यंत्र इकडे भटकलं तर चिखलात बसेल.

मग उपग्रह? उपग्रहाला पाण्यातला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. त्याला पाण्याचं तापमान आणि रंग दिसतो, आणि रंगावरून सूक्ष्म वनस्पती किती ते कळतं. इस्रोने १९९९च्या ओशनसॅटपासून २०२२च्या तिसऱ्या ओशनसॅटपर्यंत हे काम नेटाने चालवलं आहे. त्या नोंदींतून कार्बनचा अंदाज बांधता येतो. पण जून ते ऑगस्ट अरबी समुद्रावर ढगांचं छत असतं आणि रंग पाहणारी उपग्रहाची नजर ढगांपलीकडे पोचत नाही.

होडी, तरंगतं यंत्र, उपग्रह. तिन्ही जाळी घातलेली आहेत आणि रायगडचा पावसाळा तिन्हींच्या डोळ्यांतून सुटतो. जगभरच्या समुद्रपृष्ठावरच्या कार्बन डायऑक्साइडच्या नोंदी एकत्र करणाऱ्या कोशात उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिक ठिपक्यांनी गच्च भरलेले आहेत. हिंदी महासागर विरळ. व्यापारी जहाजांवर यंत्र बसवून नोंदी घ्यायची पद्धत श्रीमंत देशांच्या बंदरांमध्ये रुळली, हे त्याचं एक कारण. एडन ते मुंबई हा जगातला जुना, गजबजलेला सागरी मार्ग, आणि उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात १९८९ पासून जगभरची कंटेनर जहाजं येतात. त्यांच्या इंजिनाला थंड करायला समुद्राचं पाणी अखंड आत घेतलं जातंच. त्या नळीला एक फाटा काढायचा एवढंच.

हवेची बाजू मोजणंही किनाऱ्यावर वाटतं तितकं सरळ नाही. थळला खत कारखाना, डोलवीला पोलाद, उरणला तेल आणि वायूचे प्रकल्प, पलीकडे मुंबई. रात्री मतलई वारा जमिनीकडून सुटला की या सगळ्यांचा धूर किनाऱ्यावरच्या यंत्रात शिरणार. म्हणून पश्चिम भारतात हवेचे नमुने घेण्यासाठी लांबच्या जागा निवडल्या गेल्या. गोव्याच्या दक्षिण टोकाकडे काब द राम इथे १९९३ पासून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साथीने काचेच्या कुप्यांत हवा भरून घेतली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २००९ पासून सिंहगडावर तसंच केलं. पावसाळ्यात या दोन्ही ठिकाणी पोचणारी हवा दक्षिण गोलार्धातून, सगळा अरबी समुद्र ओलांडून आलेली असते. सिंहगडाच्या माथ्यावर जुलैत भरलेली कुपी म्हणजे वाटेतल्या समुद्राशी बोलून आलेली हवा. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जाणाऱ्यांना हे माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

अखंड मोजत राहण्याची परंपरा रायगडला नवी नाही. अलिबागच्या किनाऱ्यालगत चुंबकीय वेधशाळा आहे. त्याआधी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या लक्षात आलं की विजेच्या प्रवाहाने या नोंदी बिघडतील. त्यांनी लोखंडाचा अंश नसलेल्या दगडात अलिबागला नवी वेधशाळा उभारून घेतली. १९०४ साली तिथे काम सुरू झालं. आणि मग त्यांनी जे केलं त्याबद्दल मला फार आदर वाटतो. जुनी वेधशाळा त्यांनी लगेच बंद केली नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत आणि साखळी तुटू नये. ट्राम १९०७ साली धावली. वेधशाळा सव्वाशे वर्षांच्या उंबरठ्यावर आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालयही रायगडातच, नवीन पनवेलला आहे.

अशा साखळीचा उपयोग काय, हे २००३ साली दिसलं. १ आणि २ सप्टेंबर १८५९ला पृथ्वीवर आदळलेलं सौर वादळ हे नोंदवलेल्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या वादळांपैकी एक. ते किती मोठं होतं याचा आकडा लावायला जगभर शोधाशोध झाली, आणि सर्वांत उपयोगी ठरली ती कुलाब्याला त्या रात्री आणि दिवशी माणसांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेली नोंद. भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स हे त्या संशोधनात होते. ज्याने ती ओळ लिहिली त्याला १४४ वर्षांनी तिचं काय होणार हे ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. तो आपल्या पाळीचं काम करत होता.

समुद्रातल्या कार्बनचंही तसंच आहे. ऋतूगणिक चढउतार इतका मोठा असतो, की त्याखाली दडलेला माणसाचा ठसा दिसायला वीस-तीस वर्षांची सलग नोंद लागते. मधली दोन वर्षं निधी नव्हता, यंत्र नादुरुस्त होतं, माणूस निवृत्त झाला, असं झालं की मागचंही अर्ध्या किमतीचं होतं. संशोधन प्रकल्प तीन वर्षांचे असतात. समुद्राला तीन वर्षांत काही सांगायचं नसतं.

आणि रायगडचा किनारा म्हणजे नुसता खुला समुद्र नाही. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्यांच्या खाड्या आत खोलवर शिरलेल्या आहेत आणि त्यांच्या काठांनी खारफुटी आहे. राज्यातल्या खारफुटीत रायगडचा वाटा सर्वांत मोठा. खारफुटीच्या चिखलात प्राणवायू नसतो, पालापाचोळा सावकाश कुजतो, म्हणून कार्बन शतकानुशतकं गाडलेला राहतो. हल्ली याला निळा कार्बन म्हणतात आणि त्याच्या पतपत्रांचा (कार्बन क्रेडिटचा) बाजारही उभा राहतो आहे. बाजाराला आकडा हवा असतो. पण खाडीचा आकडा काढणं खुल्या समुद्राहून अवघड. भरतीला खाडीत शिरणारं पाणी समुद्राचं असतं. ओहोटीला चिखलाच्या छिद्रांतून झिरपून निघणारं पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं असतं, आणि त्यातला बराच वायू तिथल्या तिथे हवेत जातो. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरांच्या आसपास फरक पडतो, भांगाच्या दिवसांत तो पुष्कळ कमी. धरमतरच्या खाडीत दुपारी एकदा बाटली भरली आणि आकडा छापला, तर तो आकडा खाडीविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. किमान एक पूर्ण भरती-ओहोटीचं चक्र, दिवस आणि रात्र, उधाण आणि भांग, पावसाळा आणि उन्हाळा एवढं हवं.

गोव्यात मांडवी-झुआरीवर हे काम झालं. त्या खाड्या कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि पावसाळ्यात फार जास्त सोडतात, असं २००१ साली प्रसिद्ध झालं. पुढे सर्मा यांच्या गटाने देशभरातल्या २७ नद्यांच्या मुखांशी पावसाळ्यात जाऊन मोजणी केली आणि २०१२ साली निष्कर्ष मांडले. नदी, तिचा उतार, तिच्यात येणारं सांडपाणी, प्रत्येकाप्रमाणे आकडा प्रचंड बदलतो. रोह्याच्या रासायनिक वसाहतीतून वाहत येणारी कुंडलिका आणि महाडवरून येणारी सावित्री यांना गोव्याच्या नद्यांचा आकडा उसना देऊन चालणार नाही.

खारेपाटात याला आणखी एक पदर आहे. पेण-अलिबागच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बांध घालून समुद्राकडून जमीन घेतली, भात पिकवला, शेततळ्यांत जिताडा वाढवला. बांधाची निगा राखणं ही गावाची सामायिक जबाबदारी होती. ती व्यवस्था मोडली, बांधांना खांडी पडल्या, पाणी सोडायच्या उघाड्या नादुरुस्त झाल्या, खारं पाणी शेतात शिरलं. तिथे आता खारफुटी वाढली आहे. उपग्रहाच्या नकाशावर ती हिरवी वाढ दिसते आणि राज्याच्या खारफुटीच्या आकड्यात जमा होते. ज्याचं शेत गेलं त्याच्या दृष्टीने ती वाढ नाही. त्या कोवळ्या खारफुटीच्या चिखलात किती कार्बन साठतो आणि ओहोटीबरोबर किती निघून जातो, हे मोजल्याशिवाय तिच्यावर पतपत्रं काढली जाऊ नयेत. मोजून तो आकडा ठरला, तर त्या पतपत्रांवर पहिला हक्क त्या शेतकऱ्याचा असला पाहिजे.

समुद्राला आणखी शोषायला लावता येईल का, हाही प्रश्न आता जोरात विचारला जातो. गोव्याच्या संस्थेने त्याचं उत्तर शोधायचा प्रयत्न फार आधी केला. २००९च्या जानेवारी ते मार्चमध्ये नक्वी आणि व्हिक्टर स्मेटासेक यांच्या नेतृत्वाखाली भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञ ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरात गेले आणि सुमारे ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात लोहाचे क्षार सोडले. लोह मिळालं की सूक्ष्म वनस्पती वाढतात, कार्बन घेतात, बुडतात, असा तर्क होता. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, जर्मन सरकारने प्रयोग आधी रोखून धरला आणि मग परवानगी दिली. वनस्पती वाढल्या. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, म्हणून जड काचेरी कवचाच्या वनस्पती वाढल्याच नाहीत. ज्या वाढल्या त्या चिमुकल्या प्राण्यांनी खाऊन टाकल्या. खोल फारसं काही बुडालं नाही. या प्रयोगाकडे अपयश म्हणून पाहणं मला पटत नाही. त्यांनी ३९ दिवस त्या एकाच पाण्याचा पाठलाग करून बुडणारा कार्बन मोजला, म्हणून तर बुडत नाही हे कळलं. आज समुद्रात चुनखडी टाकू, शेवाळ बुडवू म्हणणाऱ्या कंपन्या ज्या आकड्यांची हमी देतात, तेवढी मोजणी त्यांच्यापैकी किती जणांकडे आहे हे विचारायला हवं.

इन्कॉइसने कोची आणि विशाखापट्टणमसमोर किनाऱ्याजवळ नांगरलेले बोये बसवले आहेत. पाण्याच्या इतर गुणांबरोबर ते कार्बन डायऑक्साइडचा दाबही मोजतात. तसा एक मुरूड किंवा श्रीवर्धनसमोर असावा, ही मागणी अवास्तव नाही. बोया पावसाळ्यात टिकवणं खर्चाचं, आणि त्याच्या संवेदकांवर काही आठवड्यांतच बुरशी-शेवाळ आणि शिंपले चढतात, हे खरं. त्याची देखभाल स्थानिक कोळ्यांकडे सोपवली तर ती गोव्याहून येणाऱ्या पथकापेक्षा वेळेवर होईल. पाणी कुठल्या दिवशी उतरू देईल हे तांडेलाला कुणी शिकवावं लागत नाही.

आणि एक वाट तर रोज डोळ्यांसमोरून जाते. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट चालते. गेटवेहून सुटणाऱ्या लहान बोटी पावसाळ्यात बंद होतात, ही मोठी बोट हवामान फारच बिघडलं नाही तर पावसाळ्यातही जाते. युरोपात उत्तर समुद्रावर अशाच प्रवासी बोटींच्या पोटात मोजणीची पेटी बसवतात. पाणी आपोआप आत येतं, तापमान, क्षारता, प्राणवायू, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब नोंदला जातो, बोट धक्क्याला लागली की नळ्या स्वच्छ होतात. मांडव्याच्या बोटीवर अशी पेटी बसली तर ती खुल्या अरबी समुद्राविषयी बोलणार नाही. बंदराचं तोंड, मुंबईचं सांडपाणी, पाताळगंगा आणि अंबेचं धरमतर-करंज्याकडून येणारं पाणी, एवढंच तिच्या वाटेत येईल. पण दिवसातून अनेकदा, भरतीला आणि ओहोटीला, उधाणाला आणि भांगाला, आणि जुलैतही. पहिली दोन वर्षं तिच्या आकड्यांशेजारी बाटलीत भरलेल्या पाण्याचे आकडे ठेवावे लागतील. ते काम अलिबाग, पेण, उरणच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. आम्लाने उदासीनीकरण त्यांच्या अभ्यासक्रमात आहेच. मर्क्युरिक क्लोराइड हाताळायला मात्र आधी नीट शिकवावं लागेल, आणि त्याच्या रिकाम्या बाटल्या खाडीत जाणार नाहीत याची चोख व्यवस्था करावी लागेल.